कंपवाताचं स्थळ

मला इंग्रजी येत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, आणि तोपर्यंत आमच्या शाळेत इंग्रजी शिकवतच नव्हते. पण घरात कॅसेट लावली की स्वयंपाकघरात बसून मी सांगते, हा गिटारवाला तारा छेडायची नखी दोन्हीकडून मारतो, की एकदा मारून बाकीचं डाव्या हाताने उरकतो. दोन्हीकडून म्हणजे एकदा खाली, एकदा वर, परत खाली, परत वर. प्रत्येक सुराला वेगळा फटका द्यायचा आणि एकही गाळायचा नाही. तेही इतक्या पटपट, की जाळ्यात अडकलेली बोय मासळी फडफडते तसं ऐकू येतं. माझ्या नवऱ्याच्या लेखी जगातली माणसं या दोन जातींतच विभागलेली आहेत, आणि दुसऱ्या जातीच्या माणसाची तो घरात कॅसेटही ठेवू देत नाही.

हे ज्ञान मला बाजारात, रेशनच्या रांगेत किंवा मुलांच्या शाळेत कधी उपयोगी पडलं नाही. एकदाच पडलं, आणि त्यावर माझं लग्न ठरलं.

आमचं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं. बाबांची एका होडीत भागी होती, पण गाव त्यांना ओळखायचं ते बेंजोमुळे. बेंजो म्हणजे एक लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. आमच्या लोकांत बेंजोशिवाय हळद लागत नाही. भटजी उशिरा आला तर लोक वाट बघतात, बेंजोवाला उशिरा आला तर शिव्या देतात. नाचणाऱ्यांना थांबायचं नसतं, त्यामुळे वाजवणाऱ्यालाही थांबता येत नाही. बाबांचा उजवा हात संध्याकाळभर खाली-वर, खाली-वर चालायचा. विकतची नखी त्यांच्या हातात टिकायची नाही. मग मी फुटक्या बादलीच्या जाड काठाची नखी कापून द्यायची आणि ओट्याच्या दगडावर घासून तिची धार मारायची. घरात मला एवढं एकच काम असं होतं, की ते करताना कुणाशी बोलावं लागायचं नाही.

कारण मला बोलता यायचं नाही. म्हणजे यायचं, पण समोर माणूस असला की शब्द घशातून खाली परत जायचे. शाळेत बाई प्रश्न विचारतील म्हणून मी पुढच्या मुलीच्या पाठीआड लपायचे. आय मासळी घेऊन बाजारात जायची, मागे धाकटी भावंडं कुणी सांभाळायची म्हणून माझी शाळा सुटली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाईट वाटलं. मला नाही वाटलं.

बाबांनी एक गोष्ट मात्र मी लहान असल्यापासून ठरवून टाकली होती. "वाजवणाऱ्याला पोरगी द्यायची नाय." आय हसायची. बाबा हसायचे नाहीत. ते म्हणायचे, "ज्याच्या हातावर सगळा गाव नाचतो ना, त्याला शेवटच्या पंगतीला बसवतात. तोवर मटण संपलेलं असतं. पानात नुसता रस्सा येतो. माझं आयुष्य रस्स्यावर गेलं. माझ्या पोरीचा नवरा रस्स्यावर नको."

त्यांना कंपनीतला जावई पाहिजे होता. कंपनीतल्यांना चौथी शिकलेली मुलगी नको होती. बरीच स्थळं चहा पिऊन उठली. लोक फार सभ्य असायचे. "कळवतो" म्हणायचे, आणि न कळवता कळवायचे.

मग वर्तकनगरचं स्थळ आलं. आमच्याच लोकांतलं, पण कॉलनीत राहणारं. मुलगा कारखान्यात फिटर होता आणि नोकरी पक्की होती. त्यांच्याकडून निरोप असा, की शिक्षणाचं काही नाही, मुलगी घर सांभाळणारी पाहिजे. आयला आनंदाने काय करावं सुचेना. मला पाहायचा कार्यक्रम शहाडला मामाकडे ठरला. मामाला कंपनीचं क्वार्टर होतं, दोन खोल्या आणि भिंतीला नवा रंग. आमच्या घराला सुक्या मासळीचा वास होता, हे एक कारण होतं. खरं कारण वेगळं होतं. आमच्या घरी बेंजो दिसला असता. मुलीचा बाप हळदीत बेंजो वाजवतो हे कॉलनीतल्या लोकांना कसं चालणार, म्हणून मामाने त्यांना सांगितलं होतं, "दाजींचा मासळीचा धंदा आहे."

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि बसले. मुलीने मान खाली घालून बसायचं असतं. इतर मुलींना ते शिकवावं लागतं, मला उपजत येत होतं. त्यामुळे मुलाचं तोंड मी पाहिलंच नाही. मला दिसली ती त्याची चप्पल, पँटची इस्त्रीची घडी आणि मांडीवरचा उजवा हात.

तो हात हलत होता. अंगठा आणि पहिलं बोट जुळलेलं होतं, चिमटीत काहीतरी धरल्यासारखं. मनगट बारीक बारीक खाली-वर होत होतं. मामाने विचारलं, "शिफ्ट कुठली असते?" आणि हात थांबला. "फिरती असते," असं उत्तर आलं, आणि हात पुन्हा सुरू झाला. मी पाहतच राहिले. लोकांना वाटलं असेल, काय मर्यादेची मुलगी आहे, मान वर करत नाही.

ते लोक गेले. दार लावून मामा बाबांसमोर येऊन बसला. मी आतल्या खोलीत कपबश्या विसळत होते.

"दाजी, पोऱ्या बरा हाय. पण त्याचा हात बघितला का तुम्ही?"

बाबा म्हणाले, "बघितला."

"कंपवात हाय त्याला."

"असंल."

"असंल काय, हायच! आमच्या कंपनीत एक म्हातारा होता, त्याचा अस्साच हात हालायचा. शेवटी चहाची बशी धरता येत नव्हती."

आय म्हणाली, "एवढ्या तरण्या पोराला कसला आलाय कंपवात?"

"अगं ताई, म्हणूनच तर चौथीवाली चालते त्यांना! नायतर कॉलनीतला फिटर खाडीवर पोरगी शोधायला येईल का?"

हे आयला पटलं. मलाही पटलं असतं, इतकं ते बरोबर बसत होतं. पण मी हात पाहिला होता. आमच्या गावातल्या एका आजोबांना कंपवात होता. त्यांचा हात घाबरल्यासारखा हलायचा, त्याला कुठे जायचं आहे ते त्याचं त्यालाच माहीत नसायचं. हा हात कुठे जातो आहे ते त्याला नीट माहीत होतं. खाली जितका जायचा, तितकाच वर यायचा. ही चिमूट मी रोज घरी पाहत होते. तिच्यात नखी नव्हती, एवढंच.

म्हणजे मुलगा वाजवणारा होता. ते सांगितलं तर बाबा नाही म्हणणार आणि न सांगितलं तर मामा नाही म्हणणार. मला तर हो म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या माणसाची एक गोष्ट मला कुणी न सांगता कळली होती. तो माणूस मला परका वाटत नव्हता. हे कुणाला कसं सांगणार? मी कपबश्या दुसऱ्यांदा विसळल्या.

मामा काम अर्धवट सोडणारा नव्हता. तो काहीतरी निमित्त काढून वर्तकनगरला जाऊन आला आणि मुलाच्या आईला त्याने सरळच विचारलं, हात हलतो तो कशाने. तिने उत्तर दिलं, "ते होय? ते लहानपणापासून आहे. अधूनमधून होतं. लग्न झालं की जाईल."

सासूबाईंनी पुढे मला याचं कारण सांगितलं. "अगं, कंप आहे म्हटलं तर लोक म्हणतात, औषध करू. गिटार आहे म्हटलं तर औषध नाही."

मामा आमच्या घरी आला तो जिंकूनच. "कबूल केलं त्यांनी! लहानपणापासून हाय म्हणे. उद्या मी नकार कळवतो."

बाबा दारात बसून बेंजोच्या तारा लावत होते, कारण दुसऱ्या दिवशी कळव्याला हळद होती. ते म्हणाले, "कळव."

आय डोळे पुसत होती. मी चहा घेऊन आले, मामाला दिला, बाबांना दिला. मग आत जायला पाहिजे होतं. मी गेले नाही. बाबांनी सवयीने हात पुढे केला, नखीसाठी. मी नवीन घासलेली नखी त्यांच्या हातावर ठेवली आणि माझ्या तोंडून निघालं,

"त्यांच्या हातात पण हीच होती."

मामाने विचारलं, "कोणाच्या?"

माझी मान खालीच होती. मी माझा हात मांडीवर ठेवून, चिमूट करून तसाच हलवून दाखवला. खाली-वर, खाली-वर. मग मामा काही विचारेल म्हणून थांबवला, आणि पुन्हा हलवला.

मामाच्या हातातला चहा तसाच राहिला. "म्हणजे... वाजवतो? पोऱ्या वाजवतो?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांना धक्का बसलेला नव्हता. ते नखी उलटीसुलटी करून पाहत होते.

आयच्या लक्षात माझ्याआधी आलं. "तुमाला ठाव होतं!"

"पयल्या घासालाच कळलं," बाबा म्हणाले. "पोहे डाव्या हातानं खात होता. उजवा रिकामा नव्हता ना. असा हात आजारी माणसाचा नसतो. चांगला तयार हाय."

"मग सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता."

"मी तुमाला हो म्हटलंच की!"

"म्हणूनच," बाबा म्हणाले.

मामा आता भयंकर चिडला होता. कंपवात त्याने स्वतः शोधून काढला होता आणि तो हातचा जात होता. तो माझ्याकडे वळला. "आणि तू गो बाय? तोंड उघडलंस ते ह्यासाठी? तुझं काय म्हणणं हाय?"

माझं म्हणणं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मामानेही ते रागाने विचारलं होतं, उत्तरासाठी नाही. पण मी उत्तर दिलं. "मला चालेल," म्हटलं, आणि आत पळाले. चुलीपाशी बसले, तर माझे दोन्ही हात असे कापायला लागले, की मामाने पाहिलं असतं तर मलाही कंपवात लागला असता.

बाहेरून बाबांचा आवाज आला. "मला ऐकू दे आधी. वाईट वाजवत असेल तर द्यायची नाय."

वाजवणाऱ्याला द्यायची नाही इथून ते इथपर्यंत आले होते. मी ते आपल्या बाजूने धरलं.

वर्तकनगरला काय झालं ते मामाने नंतर इतक्या वेळा सांगितलं, की मी तिथे होतेच असं वाटतं. बाबांना पाहून मुलाने उजवा हात मांडीखाली दाबून धरला, कारण आईने तशी ताकीद दिली होती. सासूबाई म्हणाल्या, "हल्ली खूप कमी आहे." बाबा म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. वाजवता काय ते काढा." सासूबाईंनी दोनदा नाही म्हटलं, आणि मग कपाटामागून चादरीत गुंडाळलेली गिटार निघाली. तो वाजवायला बसला. कुठल्यातरी परदेशी माणसाचं होतं. आधी हळू, मग जोरात, मग इतकं जोरात की मामाला भीती वाटली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हात चांगला हाय. थांबायचं कुठं ते कळत नाय." मग चप्पल घालताना म्हणाले, "मी बेंजो वाजवतो." सासूबाई खुर्चीत बसल्या. दोन्ही घरांनी लपवायचं ते लपवून झालं होतं, आणि आता लग्न करण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

लग्न करून वर्तकनगरच्या त्या खोलीत आले तेव्हा भिंतीवर परदेशी पुरुषांची चित्रं होती. केस माझ्यापेक्षा लांब, शर्टाची बटणं नाहीत, काहींना शर्टच नाही. साडी बदलायची म्हणजे मला त्यांच्याकडे पाठ करावी लागायची. शेजारणींना सासूबाई सांगायच्या, "त्याच्या कंपनीचे फॉरेनचे साहेब आहेत." शेजारणी म्हणायच्या, "अगंबाई, तिकडे उकाडा फार दिसतो."

नवरा मला त्यांची नावं सांगायचा. ती माझ्या तोंडात बसायची नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. एक घाईवाला. एक रडका. एक होता तो इतका पटपट आणि इतका सारखा वाजवायचा, की मी त्याला शिवणयंत्र म्हणायचे. नवऱ्याला राग यायचा, पण मी स्वयंपाकघरातून "आज शिवणयंत्र का?" म्हटलं की तो खूश व्हायचा, कारण घरात ओळखणारी मी एकटीच होते. कॅसेटी डोंबिवलीहून यायच्या. तिथे नवरा ज्या बँडमध्ये वाजवायचा, त्यातला एक जण बाहेरच्या कॅसेटींवरून भरून द्यायचा. कोण कुठला फटका कसा मारतो हे त्या वेगात कानाला कळायचं नाही. त्यासाठी नवरा टेपच्या उतरलेल्या बॅटऱ्या जपून ठेवायचा. नव्या बॅटऱ्या घातल्या की त्याचा चेहरा पडायचा. जुन्या घातल्या की टेप रडत रडत हळू चालायचा, शिवणयंत्राला धाप लागायची, आणि नवरा एकेक सूर वेचून घ्यायचा. त्याची नखीही मोडायची. त्याला विकतचीच पाहिजे होती. दुकानात नाही मिळाली तेव्हा मी बादलीची दिली. त्याने ती नाक मुरडून घेतली आणि परत दिली नाही.

बाबा आले की दोघं समोरासमोर बसायचे. नवऱ्याच्या मते बेंजो हे वाद्य नव्हतं, बटणांचं खेळणं होतं. बाबांच्या मते गिटारवाला एकटाच नाचतो आणि लोक बघत बसतात, हे उलटं आहे. हे ते बोलायचे नाहीत. सासरे-जावई असल्यामुळे ते हवापाण्याचं बोलायचे. पण टेप चालू असायचा, आणि दोघांचेही उजवे हात मांडीवर एकाच वेगात चालायचे.

पुढे चार-पाच वर्षांनी माझ्या नणंदेला पाहायला लोक आले. चांगलं स्थळ, कल्याणचं. मी पोहे घेऊन दारात उभी होते. बोलणी चालली असताना नवऱ्याचा हात मांडीवर सुरू झाला, आणि मुलाच्या काकांनी तो पाहिला. ते टक लावून पाहत राहिले. मग त्यांनी बाजूच्या माणसाला कोपर मारलं. मला मामा आठवला. सासूबाईंनीही ते पाहिलं आणि तोंड उघडलं, "ते ना, ते लहानपणापा..."

"वाजवतात ते," मी दारातून म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. नवरा असा लाजला की त्याचा हात थांबला.

काका म्हणाले, "काय वाजवता?"

"गिटार," नवरा म्हणाला. आणि मग, माणसाने विचारलंच आहे तर सांगावं म्हणून, "आल्टरनेट पिकिंग. म्हणजे खाली-वर. फास्ट."

"वा! मग हळदीला वाजवायला बाहेरची पार्टी कशाला? घरचाच माणूस हाय की!"

नवऱ्याने आपल्या डोंबिवलीच्या बँडमध्ये कधी हिंदी गाणंही वाजवलं नव्हतं. पण बहिणीचं स्थळ होतं आणि सासूबाई त्याच्याकडे पाहत होत्या. तो म्हणाला, "हो, वाजवू की."

हळदीला कॉलनीच्या आवारात मांडव घातला. बाबा बेंजो घेऊन आले. नवरा गिटार घेऊन त्यांच्या शेजारी असा बसला, की दुरून पाहणाऱ्याला तो त्यांच्याबरोबर आहे असं वाटू नये. बाबांनी सुरुवात केली. तो ऐकत राहिला, मग हळूच शिरला. थोड्या वेळाने दोघं एकाच ओळीवर आले, खाली-वर, खाली-वर, आणि बाबा वेग वाढवत गेले. नवऱ्याला वाटत होतं आता थांबतील. बाबा थांबले नाहीत, कारण बायका नाचत होत्या. पंगती उठत होत्या आणि बसत होत्या. परदेशातल्या त्या सगळ्यांनी मिळून माझ्या नवऱ्याला जे शिकवलं होतं, ते सगळं त्या दिवशी आमच्या लोकांच्या पायांखाली गेलं. त्यातलं शिवणयंत्राचं मी ओळखलं. कुणीतरी आत्या ओरडली, "अजून एकदा तेच लाव रं!"

सगळं आवरलं तेव्हा शेवटची पंगत बसली. बाबा आधीच बसले होते. शेजारच्या पत्रावळीवर हात ठेवून त्यांनी जागा धरली होती.

"या जावईबापू."

नवरा बसला. वाढप्याने भात घातला, रस्सा घातला आणि पुढे गेला. नवऱ्याने रस्स्यात बोट फिरवून पाहिलं.

"मटण?"

"संपलं," बाबा म्हणाले. "कळलं का, मी नाय का म्हणत होतो?"

नवऱ्याने मान हलवली, पण त्याचं लक्ष नव्हतं. "ते मधलं, एकदम वेग घेतला तेव्हा, तुम्ही खालून उचललंत का?"

"वरनं. खालनं घेतलं तर हात अडकतो."

"परत दाखवा."

बाबांनी भाताचा हात पत्रावळीच्या काठावर पुसला आणि चिमूट करून दाखवली. नवऱ्याने तशीच केली. दोघं जेवण विसरून पत्रावळीवर फटके मारत बसले. मी स्वयंपाकाच्या खोलीत गेले. मी वाजवणाऱ्याची मुलगी आहे. पहिली पंगत बसायच्या आधीच मी झाकणाच्या डब्यात दोघांचं मटण वेगळं काढून ठेवलं होतं.